दम लागतो त्यांनी चालायचं कसं?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, आज फुफ्फुसांबद्दल बोलायचंय. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे माझं ऐकून कोणी औषध बंद किंवा चालू करू नका. पण माझ्या आत्यामुळे गेलं वर्षभर मी या विषयात बऱ्यापैकी बुडालोय. एक चांगला, तपासून सिद्ध झालेला उपचार आपल्या उपनगरांत असून नसल्यासारखा आहे, असं मला दिसलं. त्याबद्दल बोलतो.

उपचाराचं नाव पल्मनरी रिहॅबिलिटेशन. मराठीत फुफ्फुसीय पुनर्वसन. आता मुंबईत हा शब्द वापरायची सोय नाही. मी आत्याला म्हटलं, "आत्या, तुझं पुनर्वसन करायचंय," तर ती म्हणाली, "बिल्डर कोण? आणि खोली किती फुटांची देणार?" घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावर तीस वर्षं राहिलेल्या बाईला पुनर्वसन म्हटल्यावर एसआरएच आठवणार. म्हणून पुढे मी नुसतं रिहॅब म्हणतो.

यात असतं काय? आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान सहा ते आठ आठवडे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. मुख्यतः चालणं किंवा सायकल, आणि हातापायांची ताकद वाढवणारे व्यायाम. जोडीला शिक्षण. पंप कसा घ्यायचा, कफ कसा सोडवायचा, धाप लागली की काय करायचं, दुखणं बळावतंय हे कसं ओळखायचं, खायचं काय, तंबाखू कशी सोडायची. संपलं. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुना आजार, आयएलडी म्हणजे फुफ्फुसं ताठर होण्याचा आजार, ब्राँकायक्टेसिस, आणि टीबी बरा झाल्यावरही मागे राहिलेला दम, या सगळ्यांना हे लागू पडतं.

इतकं साधं दिसतंय म्हटल्यावर पुरावा कच्चा असेल असं वाटतं. उलट आहे. कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. त्यांनी २०१५ मध्ये सीओपीडीच्या रिहॅबवरच्या ६५ चाचण्या एकत्र केल्या, मिळून ३,८२२ रुग्ण. आणि शेवटी म्हटलं की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या अशा आणखी चाचण्यांची आता गरज नाही. शास्त्रज्ञ मंडळी सहसा "अजून संशोधन हवं" म्हणून पेपर संपवतात. इथे ते म्हणाले, पुरे.

त्यातला एक आकडा सांगतो. रिहॅबनंतर सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सरासरी ४४ मीटरने वाढलं. सहा मिनिटं चालायची चाचणी आपल्याला कोविडमुळे ऐकून माहीत आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात चालायचं आणि ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं. मूळ चाचणीत अंतरही मोजतात. ३० मीटरच्या सरळ कॉरिडॉरमध्ये माणूस सहा मिनिटांत किती मीटर चालला, हा मुख्य निकाल.

४४ मीटर ऐकून माझे मित्र म्हणाले, एवढंच? एवढंच. लोकलचा एक डबा साधारण वीस-एकवीस मीटरचा. म्हणजे दोन डबे. घाटकोपरला ज्याला ब्रिज उतरून पहिल्या डब्यापुढेच थांबावं लागतं, तो आता दोन डबे पुढे जाऊन बसायला जागा मिळेल अशा डब्यात चढू शकतो. बारा डब्यांचा प्लॅटफॉर्म अडीचशे मीटरच्या वर असतो. धडधाकट माणूस सहा मिनिटांत दोन प्लॅटफॉर्म सहज चालतो, आपण तर ट्रेन सुटत असेल तर पळतोच. आत्याची पहिली चाचणी झाली तेव्हा ती सहा मिनिटांत २५२ मीटर चालली. मध्ये दोनदा भिंतीला टेकून.

आत्याबद्दल थोडं. वय ५८. टीबी दोनदा झाला, दोन्ही वेळा पूर्ण कोर्स केला, एक गोळी चुकवली नाही. थुंकीची तपासणी स्वच्छ. कागदावर ती बरी झालेली आहे. पण डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग व्रणांनी आखडून गेलाय आणि श्वासनळ्या अरुंद झाल्यात. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आपण मोजतो किती लोक बरे झाले. बरे झालेले त्यानंतर जिना कसा चढतात, हे मोजायला फारसं कोणी बसलेलं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाला तपासायचं असं लिहिलेलं आहे. ते मुख्यतः टीबी परत आलाय का हे बघण्यासाठी. दम लागतो का, हा त्यातला मुख्य प्रश्न नाही.

आणि आत्याने आयुष्यात विडी हातात धरलेली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण फुफ्फुसाचा आजार म्हटला की आपण लगेच माणसाच्या खिशाकडे बघतो. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये भारताची आकडेवारी आली होती. २०१६ साली देशात सीओपीडीचे साधारण साडेपाच कोटी रुग्ण. या आजाराच्या एकूण ओझ्यापैकी निम्म्याहून थोडं जास्त प्रदूषित हवेच्या नावावर, घराबाहेरच्या आणि घरातल्या धुराच्या. तंबाखूच्या नावावर साधारण पाव हिस्सा.

असल्फा मेट्रो स्टेशनच्या खालच्या रस्त्यापासून आत्याच्या घरापर्यंत ७४ पायऱ्या आहेत. मेट्रोतून जाताना ती रंगवलेली घरं दिसतात ना, तोच डोंगर. फोटोत छान दिसतो. ७४ पायऱ्यांत तिला पाच वेळा थांबावं लागायचं. मग तिने उतरणंच बंद केलं. भाजी शेजारची मुलगी आणायची, रेशन चुलतभाऊ आणायचा. देवळात जायचं बंद, भिशी बंद. घरी सगळे प्रेमाने म्हणायचे, "तू बस, दगदग करू नकोस." ज्या ओपीडीत ती चार वर्षं जात होती, तिथे दर वेळी केसपेपरवर तीच औषधं पुढे लिहून मिळायची. चालण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. नाव घेत नाही, कारण रांग बघितली तर डॉक्टरला एका पेशंटमागे दोन मिनिटंसुद्धा मिळत नव्हती.

आता यामागचं यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण मला ते कळल्यावरच यात रस आला.

रिहॅबने फुफ्फुस दुरुस्त होत नाही. श्वासाची तपासणी, स्पायरोमेट्री, आधी आणि नंतर केली तर आकडा जवळजवळ तोच येतो. मग माणूस जास्त चालतो कसा? सुधारतात ते पाय. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो. हालचाल टाळली की मांडीचे स्नायू बारीक आणि कमजोर होतात. कमजोर स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त त्रास पडतो, त्यांच्यात लॅक्टिक ॲसिड लवकर तयार होतं, आणि ते निस्तरायला शरीर जास्त श्वास मागतं. फुफ्फुस तर आधीच तोकडं. म्हणजे आणखी दम, आणखी बसणं. हे चक्र उलटं फिरवायचं तर फुफ्फुसाला हात लावता येत नाही, पण मांडीला लावता येतो.

दुसरी गोष्ट, श्वास बाहेर सोडणं. दम लागला की आपण घाईघाईने आत ओढतो. श्वासनळ्या अरुंद असलेल्या माणसाची आतली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत नवी हवा येऊन बसते. छाती फुगलेलीच राहते, आणि भरलेल्या छातीत आणखी भरणं कठीण. दादरला आतले उतरायच्या आधी बाहेरचे घुसले की काय होतं, तेच. उपाय म्हणजे ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसं, सावकाश सोडायचं. दोन मोजत आत, चार मोजत बाहेर. फिजिओ मॅडमनी आत्याला सांगितलं, "मावशी, पायरी चढताना सोडायचा, थांबलात की घ्यायचा." आत्याने पहिल्या दिवशी यातलं नेमकं उलटं केलं. तिला वाटायचं श्वास भरून घेतला की चढायला जोर येतो. बहुतेकांना तसंच वाटतं.

इथे एक फाटा फोडतो. आपल्याकडे फुफ्फुसाचं दुखणं म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात, फुगे फुगवा आणि ते तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र ओढा. कोविडनंतर घराघरात ते तीन गोळ्यांचं यंत्र आलंय, बहुतेक ठिकाणी शोकेसमध्ये. ते मुख्यतः ऑपरेशननंतर झोपून असलेल्या माणसाची फुफ्फुसं नीट उघडी राहावीत म्हणून दिलं जातं. त्याला वाईट म्हणत नाही. पण तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणून ७४ पायऱ्या चढता येत नाहीत. गोळ्यांना पाय नसतात.

मग दम लागेल म्हणून भीती वाटते, त्याचं काय? सगळ्या कार्यक्रमाचा कणा मला इथे दिसतो. दम लागणं म्हणजे दर वेळी धोका नसतो. किती दम लागलाय याला आकडा द्यायला शिकवतात. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली शून्य ते दहाची पट्टी आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता सहनच होत नाही. व्यायाम करताना साधारण चार ते सहाच्या मध्ये राहायचं. त्याच्या खाली राहिलात तर स्नायूंना काही शिकायला मिळत नाही. वर गेलात तर थांबा. आत्याला दहाची पट्टी काही जमेना. मग मॅडमनी तिच्याच भाषेत केली. एका दमात गाणं म्हणता आलं तर कमी आहे. चार-पाच शब्द बोलून श्वास घ्यावा लागला तर बरोबर आहे. हूं-हूं एवढंच म्हणता आलं तर बसा.

ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या खाली गेला, छातीत दुखलं, चक्कर आली तरी थांबायचं, हे वेगळं सांगायला नको. आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरकडून हृदय, ऑक्सिजन, सगळं बघून घ्यायचंच. आपल्या मनाने उठून जिने चढायला लागणं म्हणजे रिहॅब नव्हे.

बरं, एवढं सगळं आहे तर लोक जात का नाहीत? अमेरिकेतही जात नाहीत. २०२० मध्ये जामा या मासिकात एक अभ्यास आला. सीओपीडीमुळे हॉस्पिटलात राहून घरी गेलेले १,९७,३७६ वृद्ध. त्यातले ९० दिवसांत रिहॅब सुरू करणारे फक्त दीड टक्का. ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू बरेच कमी होते. आता हे निरीक्षण आहे, मुळात जरा धट्टेकट्टे असतात तेच रिहॅबला जात असतील, हे धरून चाला. पण मला तो दीड टक्का जास्त लागला. जिथे विमा पैसे देतो तिथे ही गत.

आपल्याकडे गाडी अडते ती मुख्यतः प्रवासावर. फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं स्कूल १९५२ मध्ये परळच्या केईएममध्ये सुरू झालं. जाणकार माणसं मुंबईत पुष्कळ आहेत. पण पालिकेची जुनी मोठी कॉलेज हॉस्पिटलं कुठे आहेत बघा. केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, सायन सायनला. मोठ्यांपैकी पश्चिम उपनगरात एक कूपर. आता आत्याने परळला जायचं म्हणजे ७४ पायऱ्या उतरायच्या, मेट्रोने घाटकोपर, ब्रिजवरच्या गर्दीतून सेंट्रलला यायचं, स्लो गाडी, परळचा ब्रिज, मग चालत हॉस्पिटल. आणि हे सगळं परत. आठवड्यातून दोनदा म्हणजे आठ आठवड्यांत सोळा फेऱ्या. प्रत्येक फेरीला सोबत कोणीतरी हवं, म्हणजे त्या माणसाचा दिवसाचा रोज बुडाला. ज्याला दम लागतो त्याला दम कमी करायचा उपचार घ्यायला एवढं चालायला लावायचं. मुलुंडहून निघा नाहीतर बोरिवलीहून, हिशोब फार बदलत नाही.

मी इंजिनिअर असल्यामुळे सगळे मला एकच विचारतात, "अरे मग ॲप का नाही बनवत?" यावर मला जरा चिडायला होतं. ॲप बनवायला दोन महिने लागतील हो. पण आत्याकडे बटणांचा फोन आहे. आणि समजा स्मार्टफोन असला, तरी ॲप तिला "आज चालला नाहीत" असं नोटिफिकेशन देईल आणि ती ते सरकवून टाकेल, जसं आपण सगळे पाण्याच्या रिमाइंडरचं करतो.

यावर ऑस्ट्रेलियात एक छान काम झालंय. मेलबर्नमध्ये ॲन हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीओपीडीच्या १६६ रुग्णांचे दोन गट केले. एक गट नेहमीसारखा केंद्रात येणारा. दुसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट एकदाच गेली आणि नंतर आठवड्यातून एक असे सात फोन. बस. २०१७ मध्ये निकाल आला. आठ आठवड्यांनंतर घरी करणारे केंद्रात येणाऱ्यांपेक्षा मागे नव्हते. आणि घरच्या गटातल्या बहुतेकांनी कार्यक्रम पूर्ण केला, केंद्राच्या गटात साधारण निम्म्यांनी. वर्षभराने मात्र दोन्ही गटांचा फायदा बराचसा ओसरला होता, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणजे तंत्रज्ञान कुठलं? टेलिफोन. आणि फोनवर बोलणारं माणूस, जे "का नाही चाललात?" विचारून उत्तर ऐकून घेतं.

आत्याचं आम्ही साधारण तसंच केलं. पालिकेच्या एका हॉस्पिटलातल्या फिजिओ मॅडमनी दोनदा बोलावून पूर्ण तपासलं, डॉक्टरांशी बोलून कार्यक्रम आखून दिला आणि दर मंगळवारी फोन केला. रविवारी मी जायचो. हिशोब असा. सहा मिनिटांत २५२ मीटर म्हणजे मिनिटाला ४२. सुरुवात त्याच्या ८० टक्के वेगाने करायची, म्हणजे मिनिटाला साधारण ३४ मीटर. आत्याच्या घरावरून गल्ली जराशी सपाट होते, जिथे गणपतीचा मंडप घालतात. ती जागा मी टेपने मोजली, बरोब्बर २० मीटर भरली. दहा मिनिटांत ३४० मीटर म्हणजे १७ खेपा.

आता १७ खेपा मोजायच्या कशा? माझ्या डोक्यात स्टेप काउंटर होता. आत्याने दोन वाट्या काढल्या, एका वाटीत १७ चिंचोके. एक खेप झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पायरीवर बसलेल्या शेजारणीने वाटी सांभाळायची. दुसऱ्या आठवड्यात ती शेजारीणही चालायला लागली, तिला गुडघेदुखी. तिसऱ्या आठवड्यात पोरं आत्याच्या मागे मागे मोजत चालायला लागली. चालणं संपलं की खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, आणि दोन्ही हातांत अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या धरून खांद्यापर्यंत उचलणं. हात का, तर केस विंचरताना आणि दोरीवर कपडे टाकताना जास्त दम लागतो, हात वर असले की. हे मला माहीतच नव्हतं. आत्या म्हणाली, "तुला कसं माहीत असणार, तू कधी कपडे वाळत घातलेस?"

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. खोकला वाढला, कफ पिवळा-हिरवा झाला. इथे शिक्षणाचा भाग कामाला आला. मॅडमनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. कफाचा रंग बदलला, प्रमाण वाढलं, दम नेहमीपेक्षा जास्त, यातलं काही दोन दिवस राहिलं तर थेट डॉक्टर. ताप किंवा वजन उतरणं असेल तर टीबीची तपासणी परत. थुंकीत रक्त दिसलं तर वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी. तो कागद फ्रीजला लावलेला. पूर्वी ती अशा वेळी काढा करून आठवडाभर काढायची. या वेळी तिसऱ्या दिवशी गेली, औषध मिळालं, दहा दिवसांत परत मंडपाच्या जागेवर. मात्र १७ ऐवजी १० चिंचोक्यांपासून.

आणि पंप. चार वर्षं ती कॅप्सूलवाला रोटाहेलर वापरत होती. पावडरचा पंप जोरात आणि झटकन ओढायचा असतो, तरच पावडर आत जाते. गॅसचा पंप उलट, सावकाश ओढायचा, शक्यतो स्पेसर लावून. दोन्हींत आधी पूर्ण श्वास सोडायचा, आणि ओढल्यावर जमेल तेवढं, दहा मोजेपर्यंत, धरून ठेवायचं. आत्या रोटाहेलर हुक्क्यासारखा हळूहळू ओढायची, त्यामुळे पावडर जिभेवर. मॅडमनी तिला "करून दाखवा" म्हटलं तेव्हा हे कळलं. तुमच्या घरी कोणी पंप घेत असेल तर आज रात्री त्यांना घेताना नुसतं बघा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर घ्यायला सांगा. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची, तेवढं लक्षात ठेवा.

आठ आठवड्यांचे मधल्या दुखण्यामुळे दहा झाले. शेवटची चाचणी ३०१ मीटर. ४९ मीटर वाढले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःलाच बजावतो. पण ७४ पायऱ्यांत पाचऐवजी दोन थांबे, आणि हातात भाजीची पिशवी.

आता उपनगरांबद्दल. मला वाटतं, हे काम हॉस्पिटलच्या बाहेर आणायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. बागेत जमून व्यायाम करायची सवय इथे मुरलेली आहे. हास्य क्लब कुठे सुरू झाला? १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवालात, डॉक्टर मदन कटारियांनी बागेत चार-पाच जणांना घेऊन. तिथून तो जगभर गेला. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, योगेंद्रजींनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली ती वर्सोव्याला, आता ती सांताक्रूझला आहे. आणि योग चालतो का, तर दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टर रणदीप गुलेरिया आणि सहकाऱ्यांनी सीओपीडीच्या ६० रुग्णांवर बारा आठवडे योग आणि नेहमीचं रिहॅब यांची तुलना केली, दोन्हींचा फायदा सारखाच दिसला. अभ्यास लहान आहे, पण ज्याला ट्रेडमिल बघूनच धडकी भरते त्याच्यासाठी ही वाट मोकळी आहे, शिकवणाऱ्याला आजार माहीत असेल तर. नाहीतर कोणीतरी उत्साहाने श्वास कोंडून धरायला लावायचा.

जागेचा प्रश्न येतो. ३० मीटरचा कॉरिडॉर मुंबईत कोणाकडे आहे? इथे ब्रिटनमधल्या लेस्टरच्या सॅली सिंग यांचं काम मला फार आवडलं. त्यांनी १९९२ मध्ये शटल वॉक नावाची चाचणी मांडली. तिला फक्त १० मीटर लागतात. दोन खुणा, मध्ये ये-जा, आणि टेपवर बीप वाजतो. बीपच्या आत पुढची खूण गाठायची. सुरुवातीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, दर मिनिटाला थोडा वाढतो, अशा बारा पायऱ्या. मला तर हे ऐकून बरं वाटलं, एक ऑडिओ फाइल आणि दोन शंकू, बाकी काही नाही. याच सॅली सिंग यांच्या पुढाकाराने २०१७ पासून ग्लोबल रिचार्ज नावाचा प्रकल्प चालला, भारत, श्रीलंका, युगांडा आणि किर्गिझस्तानात, जिथे साधनं कमी तिथे रिहॅब कसं करायचं यासाठी. त्यातलं भारतातलं काम आपल्या पुण्यात झालं. म्हणजे मराठी बोलणाऱ्या रुग्णांबरोबर कसं करायचं हे दीडशे किलोमीटरवर लोकांना माहीत आहे.

आणि १० मीटरचा हॉल? मुलुंड, बोरिवली, पार्ले, घाटकोपर, कुठेही जा, ज्येष्ठ नागरिक संघ असतोच. दुपारी तीन ते पाच बहुतेक हॉल रिकामे असतात. २०२२ पासून पालिकेचे आपला दवाखाना गल्लोगल्ली आले, तिथे तपासून कोणाला पाठवायचं हे ठरू शकतं. तपासणी, बीपी, ऑक्सिमीटर, आठवड्यातून दोन दिवस येणारी एक फिजिओथेरपिस्ट, दहा खुर्च्या. खर्चाचा मोठा भाग त्या फिजिओचा पगार, आणि तो व्यवस्थित द्यायला हवा. फुकट सेवा म्हणून मागायचा नाही. कॉलेजच्या इंटर्न मुलींवर सगळं ढकलून मोकळं व्हायची आपली जुनी सवय आहे, म्हणून बोललो.

हवेचं एक सांगून टाकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सहाला बागेत चालायचा हट्ट अशा रुग्णांनी करू नये. त्या वेळी थंड हवा खाली बसलेली असते आणि धूर-धूळ तिच्यात अडकलेली. त्यात आपल्याकडे दर तिसऱ्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर आकडा बघा, खराब असेल तर घरात, कॉरिडॉरमध्ये चाला, नाहीतर ऊन वर आल्यावर. घरातही तेच. धूप, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती, तिन्ही बंद खोलीत लावून मग प्राणायाम करायचा, असं मी प्रत्यक्ष बघितलंय.

पावसाळ्यात आत्याच्या डोंगरावरच्या पायऱ्या शेवाळतात. तेव्हा चालणं बंद, खुर्चीवरून उठणं-बसणं आणि घरातल्या घरात जागच्या जागी पावलं, एवढंच. मेलबर्नच्या अभ्यासात ओसरलेला तो फायदा मला इथे समोर दिसतो. ऑगस्टमध्ये ती परत तीन थांब्यांवर आली होती. मंगळवारचा फोन बंद झालाय, कारण त्या मॅडमची बदली झाली. आता मंगळवारी मी फोन करतो. ती म्हणते, "तू मॅडमसारखं ओरडत नाहीस, मजा येत नाही."

तर तुमच्यापैकी कोणाच्या घरी दम लागणारं माणूस असेल, तर पुढच्या भेटीत छातीच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. यांची सहा मिनिटं चालायची चाचणी करता येईल का? यांना व्यायाम सुरक्षित आहे का? आणि श्वसनाच्या व्यायामाची जाणकार फिजिओथेरपिस्ट जवळ कुठे आहे? आणि तुम्ही ज्येष्ठ नागरिक संघाच्या कमिटीवर असाल, तर टेप घेऊन हॉल मोजा आणि मला कळवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खुर्च्या बाजूला करून. मुलुंडच्या एका हॉलचं माप माझ्याकडे आलंय, साडेअकरा मीटर. तिथल्या सेक्रेटरी काकांशी येत्या शनिवारी बोलायचं ठरलंय. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.